‘ओम दर-ब-दर’ पाहिला: काय भावलं, काय खटकलं

पेठकरी

मंडळी, गेल्या रविवारी कोल्हापुरात, राजारामपुरीत एका मित्राच्या क्लासच्या हॉलमध्ये आम्ही कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ हा हिंदी सिनेमा लावला होता. बावीस जण जमलो होतो. मध्ये चहाला थांबलो तेव्हा नऊ जण गेले ते परत आले नाहीत. उरलेल्यांत रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला, शेवटी हॉलला कुलूप लावायची वेळ झाली म्हणून उठलो. वाद अर्धाच राहिला. गेले चार दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: गाव अजमेर. बाबूजी सरकारी नोकरी सोडून पत्रिका बघायला लागलेले. थोरली मुलगी गायत्री, तिच्या मागे जगदीश. धाकटा ओम. ओमला जादूटोण्यापासून धर्मापर्यंत सगळ्याची ओढ, पण खरं जमतं एकच, श्वास रोखून धरणं. पुढं फूलकुमारी येते, हिरे येतात, हिरे गिळलेले बेडूक येतात, अजमेरजवळचं पुष्कर तीर्थ येतं. हे मी ओळीनं सांगितलं, सिनेमा तसं सांगत नाही. एका प्रसंगाचं बोट धरून दुसरा येत नाही. माणूस घरगुती काहीतरी बोलायला लागतो आणि वाक्य संपेपर्यंत त्याची जाहिरात झालेली असते, नाहीतर शाळेतला धडा, नाहीतर मंत्र.

मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त भावली. ऐंशीच्या दशकातल्या एखाद्या मध्यम गावातल्या माणसाच्या डोक्यात जे जे ऐकून ऐकून साचलेलं असतं, ते सगळं एकाच वेळी बाहेर पडतंय. विविध भारती, दहावीचं सायन्स, सत्यनारायण, टूथपेस्ट, परदेशी पाहुणे. आमच्या घरी मी लहान असताना असंच होतं. आई पोळ्या लाटताना अर्धं स्तोत्र म्हणायची आणि पुढची ओळ रेडिओवरच्या जाहिरातीची यायची, आणि त्यात तिला किंवा आम्हाला काही वावगं वाटायचं नाही. हे मी पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं. या सिनेमाला स्वप्नाचा सिनेमा म्हणतात. मला तर तो जागेपणीचा वाटला.

आता खटकलेलं. पूर्वार्ध त्या घरात आहे. तिथं कितीही उलटसुलट झालं तरी आपल्याला माहीत असतं, हे बाबूजी, ही गायत्री, हा जिना, ही गच्ची. गायत्री टॉकीजमध्ये पुरुषांच्या बाजूला जाऊन बसते, ते दृश्य घ्या. काही समजावून सांगितलेलं नाही आणि सगळं गाव कळतं. उत्तरार्धात प्रतिमा तितक्याच देखण्या आहेत, पण त्या कुणाच्या अंगावर पडत नाहीत. हिरे आणि बेडूक आले आणि माझी गायत्री हातातून निसटली. शेवटी ओमचं जे होतं त्यानं मला हलायला हवं होतं, ते झालं नाही. ही मला या सिनेमाची मोठी त्रुटी वाटते. दुर्बोध आहे ही तक्रार मी करत नाही.

आमचे मामा होते सोबत. वय ७८. त्यांनी उमेदीची तीस वर्षं टॉकीजची बॅनरं रंगवली. फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, तितक्याच चौकटी कापडावर मोठ्या करून आखायच्या आणि पावडरचा रंग जवसाच्या तेलात घोटून एकेक चौकट भरत जायचं. मी शाळेतून येताना बघत उभा राहायचो. जवळून नायिकेच्या गालावर चक्क हिरवा पट्टा असायचा, नाकाच्या कडेला निळा. कळायचं नाही काय चाललंय. मग मामा ब्रश खाली ठेवून रस्ता ओलांडून समोरच्या पानपट्टीपाशी जायचे, मलाही न्यायचे, आणि तिथून बघितलं की तो पट्टा म्हणजे गालावर पडलेली सावली असायची.

मामांनी सिनेमा सगळा बघितला. खाली उतरल्यावर म्हणाले, “रंग झकास लावलाय. पण मी मागं मागं सरकत गेलो, भिंतीला पाठ टेकली, तरी चेहरा काय दिसेना.”

तुमचं काय मत?


सांगावकर

भावा, चहाला उठून गेलेल्या नऊ जणांतला मी एक. माझं तिथंच सांगायचं राहिलं म्हणून इथं लिहितो.

कळलं न्हाई म्हणून उठलो असं कुणी समजू नये. न कळणारं मी लई बघितलंय. मी उठलो कारण तासभरात मला कुणाचंच काय वाटलं न्हाई. बाबूजी नोकरी सोडतात. बरं. माझ्या वडलांची मिल बंद पडली तेव्हा आमच्या घरात काय झालतं ते मला माहीत आहे. नोकरी जाणं म्हणजे काय ते मी जेवणाच्या ताटात बघितलंय. इथं नोकरी सोडली आणि पुढच्या मिनिटाला कोण काय बोलालंय त्याचा पत्ता न्हाई. दिग्दर्शकाला त्या माणसाची पर्वा आहे असं मला एकदाही वाटलं न्हाई. शब्दांच्या कोट्या आहेत, हुशारी आहे, ती मला दिसली. पण हुशार माणूस माझ्याशी बोलत नसून माझ्या डोक्यावरनं पलीकडच्या कुणाशी तरी बोलालाय असं वाटलं की मला बसवत न्हाई.

आणि पूर्वार्ध चांगला, उत्तरार्ध ढिला, हे मला पटत न्हाई. जे घर तुला दिसलं ते मला पूर्वार्धातही दिसलं न्हाई.


श्रुती_मिरज

पेठकरीदादा, एक तक्रार आधी नोंदवते. त्या दिवशी हॉलमध्ये एकच स्पीकर होता आणि तोही खिडकीच्या बाजूला, त्यात पंखे चालू. या सिनेमाचं अर्धं अंग आवाजात आहे आणि ते आपण ऐकलंच नाही. मी घरी आल्यावर हेडफोन लावून पुन्हा पाहिला, म्हणजे खरं तर पहिली चाळीस मिनिटं डोळे मिटून ऐकला.

कितीतरी ठिकाणी आवाज चित्राच्या आधी येतो किंवा चित्र गेल्यावर मागे राहतो. संवाद पाठ केल्यासारखे, एका सुरात म्हटलेत. मला आधी तो कच्चा अभिनय वाटला होता. ऐकताना लक्षात आलं की ही निवेदकाची लय आहे. माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, प्रसारण करतात. जगदीश हा झुमरी तिलैयाचा. आता तिशीच्या आतल्यांना सांगायला हवं, बिहारातलं (आता झारखंडात गेलेलं) हे अभ्रकाच्या खाणींचं गाव गाण्यांच्या फर्माइशींसाठी देशभर माहीत झालं होतं. रेडिओ सिलोन असो की विविध भारती, फर्माइश करणाऱ्यांच्या यादीत झुमरी तिलैया असायचंच. आमच्याकडे ‘आपली आवड’ला पत्र टाकून आपलं नाव कधी पुकारतात म्हणून कान लावून बसणारी माणसं मी पाहिलीत. माझी मावशी त्यातली. स्वतःचं नाव रेडिओतून ऐकल्यावर तिला जे व्हायचं ते प्रेमात पडण्यापेक्षा कमी नव्हतं. जगदीश आणि गायत्रीचं प्रकरण त्या जगातलं आहे. ते एकमेकांवर प्रेम करतात ते फर्माइशीच्या भाषेत, कारण त्यांना दुसरी भाषा कुणी दिलेलीच नाही.

रजत ढोलकिया यांचं संगीतही तसंच आहे. ‘बबलू बॅबिलॉन से’ ऐका. यमक अर्थाला ओढत नेतं आणि चाल अशी की दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना तोंडात येते.

सांगावकर, तुम्हाला माणसं पोचली नाहीत हे मी खोडून काढत नाही. पण एकदा नीट आवाजात ऐका एवढीच विनंती.


जुनी_रिळं

थोडा इतिहास, कारण तो चर्चेला लागतो.

कमल स्वरूप अजमेरात वाढले, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून १९७४ साली बाहेर पडले. मराठी माणसाला त्यांचं नाव दोन ठिकाणी भेटतं. १९७६ च्या ‘घाशीराम कोतवाल’ चित्रपटाच्या चार दिग्दर्शकांपैकी ते एक. बाकीचे तिघे मणी कौल, के. हरिहरन आणि सईद मिर्झा, पटकथा तेंडुलकरांची. आणि दुसरं, दादासाहेब फाळके. या माणसानं आयुष्याची कितीतरी वर्षं फाळक्यांच्या मागावर घालवली. फाळके सिनेमा सोडून काशीला जाऊन राहिले आणि तिथं त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं, त्यावर स्वरूप यांनी त्याच नावाचा माहितीपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं.

‘ओम दर-ब-दर’ एनएफडीसीच्या, म्हणजे सरकारी चित्रपट विकास महामंडळाच्या पैशातून झाला. १९८८ चा सिनेमा. बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, फिल्मफेअरचा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडे थेटरात लागायला १७ जानेवारी २०१४ उजाडलं. मधली पंचवीस-सव्वीस वर्षं तो व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटच्या घासलेल्या कॉप्यांवर जगला. फिल्मच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांना दिलेल्या कॉप्या. मी त्यातलीच एक पाहिली होती, चेहरे ओळखू येत नव्हते.

माझं म्हणणं असं. पेठकरी ज्याला उत्तरार्धाची त्रुटी म्हणतात ती मलाही जाणवते, पण तिचं मूळ मी वेगळ्या जागी शोधतो. सिनेमा माणसांपुढं लागतो, माणसं कुठं चुळबुळ करतात, कुठं श्वास धरतात ते करणाऱ्याला दिसतं, आणि पुढच्या कामात ते उतरतं. या सिनेमाला समोर माणूसच मिळाला नाही. पेटीत पडून राहिला आणि पेटीत असतानाच दंतकथा झाला. दंतकथा झाल्यावर त्याच्यातले दोष कुणी सांगेना. तुम्ही हॉलमध्ये बावीस जणांनी जे केलंत, उठून जाणाऱ्या नऊ जणांसकट, ते १९८८ सालीच व्हायला हवं होतं.

आणखी एक, जाता जाता. दिग्दर्शक बुन्युएल आणि चित्रकार दाली यांनी ‘अन शियँ अंदालू’ हा छोटा मूकपट केला तो १९२९ साली. ज्या प्रतिमेचं तर्कानं स्पष्टीकरण देता येईल ती घ्यायचीच नाही, असं त्या दोघांनी ठरवलं होतं. त्याच १९२९ साली आपल्या कोल्हापुरात प्रभात कंपनी सुरू झाली. तिकडं गोष्ट मोडायला निघाले होते, इकडं आपण गोष्ट कशी सांगायची ते बसवत होतो. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळनं जाताना मला हे नेहमी आठवतं. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला, १९२० साली ‘सैरंध्री’ आणला आणि त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की त्यावर आक्षेप आला. खरं वाटलं पाहिजे, हा आपल्या गावचा हट्ट तेव्हापासूनचा आहे. सांगावकर बोलतायत ते त्या हट्टातून, आणि मला त्या हट्टाचा आदर आहे.


निवृत्त_प्राणिशास्त्र

बेडकांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी बत्तीस वर्षं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं.

बेडकाच्या पोटात हिरे ही निव्वळ कल्पना म्हणून सोडून देऊ नका. ऐंशीच्या दशकापर्यंत भारतातून बेडकांच्या तंगड्यांची मोठी निर्यात होत असे. त्यात परकीय चलन होतं. बेडूक हा त्या काळात शब्दशः पैसा होता. भातखाचरांतले बेडूक इतके कमी झाले की किडी वाढायला लागल्याची ओरड झाली आणि १९८७ साली सरकारनं ही निर्यात बंद केली. सिनेमा १९८८ चा. दिग्दर्शकाच्या मनात हेच होतं असा माझा दावा नाही, पण त्या काळात राहणाऱ्याच्या कानावर हे होतंच.

दुसरं, विच्छेदन. त्या पिढीतल्या सायन्सच्या प्रत्येक पोरानं बेडूक कापला आहे. आमच्याकडे पावसाळ्यात राधानगरीकडची पोरं पोत्यात बेडूक भरून आणत, नगावर पैसे घेत. क्लोरोफॉर्म देऊन मेणाच्या ट्रेमध्ये उताणा ठेवायचा, चारी पायांना टाचण्या, मग पोटाची कातडी चिमट्यानं उचलून कात्रीनं सरळ वर. जठर उघडलं की आत कधी न पचलेला भुंगा मिळे, कधी खेकड्याची नांगी. पोरं ते बघायला धावत. काळीज मात्र सगळं झाल्यावरही उडत राही. एकदा एक मुलगी त्या उडणाऱ्या काळजाकडे बघत तास संपेपर्यंत उभी होती, तिनं आकृती काढलीच नाही. मी तिला रागावलो. आज रागावलो नसतो.

हा सिनेमा पाहताना मला ती मुलगी आठवली. म्हणून मला उत्तरार्ध निर्जीव वाटला नाही. पैशासाठी पोटं फाडत सुटलेली माणसं बघून मला अस्वस्थ व्हायला झालं, आणि ती अस्वस्थता सिनेमानंच दिली. कुणी एक पात्र त्यासाठी लागलं नाही.

दोष विचाराल तर एक नक्की सांगेन. सिनेमात विज्ञानाचे शब्द येतात ते बरेचदा नुसते नादासाठी येतात. नायट्रोजन म्हटलं की लोक हसतात, तेवढ्यावर भागतं. ज्यानं बेडकाकडे इतकं नीट पाहिलं त्यानं त्या शब्दांकडेही तसं बघायला हवं होतं.


माहेर_शाहूपुरी

पेठकरी, तुम्ही गायत्रीबद्दल लिहिलंत म्हणून खास लॉगिन केलं.

तुम्ही म्हणता ती पुरुषांच्या बाजूला जाऊन बसते आणि सगळं गाव कळतं. मला गाव कळण्याच्याही आधी माझी पाठ ताठ झाली. १९८३-८४ ची गोष्ट सांगते. आमच्याकडे टॉकीजला बायकांची तिकिटाची खिडकी वेगळी होती, बसायची जागाही वेगळी. एकदा आत्या आणि मी उशिरा पोचलो, बायकांच्या बाजूला जागा नव्हती. आत्या म्हणाली, चल, तिकडे बसू. आम्ही खालच्या रांगेत जाऊन बसलो. कुणी काही केलं नाही, कुणी काही बोललं नाही. फक्त आमच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या झाल्या आणि मागच्या रांगेतली कुजबुज सिनेमाभर थांबली नाही. आत्यानं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि पडद्यावरची नजर काढली नाही. कोणता सिनेमा होता ते मला आज आठवत नाही. आत्याच्या हातातला रुमाल आठवतो, तिनं तो पिळून पिळून दोरी केली होती.

गोपी देसाई यांनी गायत्री केली आहे ती तशीच. मोठं काही करत नाही. बंडखोर बाई म्हणून तिच्या मागे ढोल वाजत नाहीत. ती जाऊन बसते.

पण ती निसटली म्हणून तुम्ही सिनेमाला दोष देताय, तिथं थोडं थांबा. अशा गायत्र्या निसटतातच. माझ्या वर्गातल्या चौघी होत्या, त्यातल्या एकीचाही मला आज पत्ता नाही. सिनेमा तिला धरून ठेवत नाही हे मला खरं वाटलं, आणि त्याचा त्रासही झाला.

माझा आक्षेप फूलकुमारीबद्दल आहे. अनिता कंवर इतकी जीव ओतून काम करणारी नटी. तिला सिनेमा सगळा वेळ बाहेरून बघतो. गायत्रीच्या डोळ्यांतून आपण जग पाहतो, फूलकुमारीच्या डोळ्यांतून एकदाही नाही. ती ओमसाठी, पुरुषांसाठी, कॅमेऱ्यासाठी आहे. इतकं सगळं उलथून टाकणाऱ्या दिग्दर्शकाला ही एक जुनी खुर्ची हलवावीशी वाटली नाही, याचं मला वाईट वाटतं.


कागलची_वैदेही

नमस्कार. मी इथं पहिल्यांदाच लिहितेय, वय १९, चुकलं तर समजून घ्या.

मी हा सिनेमा मोबाईलवर पाहिला, दोन रात्रींत. मला तो अवघड वाटला नाही. माझे आजोबा भजनी मंडळात आहेत. काट्याच्या अणीवर गावं वसवायची, त्यातली काही ओसाड आणि एक वसलेलंच नाही, मग न वसलेल्या गावात कुंभार आणायचे, अशी ती माउलींच्या नावावरची रचना आजोबा म्हणतात तेव्हा सगळं देऊळ डोलत असतं. कुणी अर्थ विचारून उठून जात नाही. मी सात-आठ वर्षांची असताना मला ती गावं दिसायची. काट्यावर एवढी घरं कशी मावतात म्हणून मी बाभळीचा काटा घेऊन बघत बसलेली आहे. मग सिनेमात बेडकाच्या पोटात हिरा असेल तर आपण लगेच याचा अर्थ काय म्हणून का थांबतो? आपल्याला हे नवीन नाही ना.

सांगावकर काका, तुम्हाला दुखवायचं नाही. खरंच विचारतेय.


सांगावकर

वैदेही बाळ, दुखवायचा काय विषय न्हाई. चांगलं विचारलंस, मी दोन दिवस त्याच्यावर विचार केला.

तुझ्या आजोबांच्या भजनात आणि ह्यात दोन फरक हायत. एक म्हणजे टाळ. शब्द कितीही उलटे गेले तरी ठेका तुला धरून असतोय. शेजारचा माणूस टाळ वाजवालाय, तू वाजवालीस, घाबरायचं कारण न्हाई. दुसरं, शेवटी माउलींचं नाव येतंय. म्हणजे ज्यानं हे कोडं घातलंय त्याच्याकडं किल्ली हाय आणि तो आपला माणूस हाय, ह्याचा भरवसा असतोय. मला किल्ली आज मिळाली न्हाई तरी चालतंय. माझ्या आजीला कधीच मिळाली न्हाई, तरी ती म्हणायची.

ह्या सिनेमात मला तो भरवसा वाटला न्हाई. माझं सगळं भांडण तेवढ्यासाठी हाय.

ताईंनी रुमालाचं लिहिलंय ते वाचून मात्र गप झालो. ते दृश्य मी बघितलं होतं आणि माझ्या नजरेतनं सुटलं. पुरुषांच्या बाजूला बसणाऱ्यांतलाच मी, मला त्यात काय वेगळं दिसणार होतं.


श्रुती_मिरज

सांगावकर, टाळाचं तुम्ही अगदी नेमकं बोललात. पूर्वार्धात तो ठेका आहे, रेडिओ तो ठेका धरतो, म्हणून मी चाळीस मिनिटं डोळे मिटून बसू शकले. पुष्करकडे गेल्यावर रेडिओ मागे पडतो आणि आवाज सुटे सुटे होतात. पेठकरींना गायत्री हरवल्यासारखी वाटली त्यात याचाही भाग असेल. मी उत्तरार्ध ऐकताना चार वेळा थांबवला, पूर्वार्ध एकदाही नाही.


पोहणारा_कोटीतीर्थ

सगळे बेडकांवर आणि रेडिओवर बोलताय, ओमच्या श्वासावर कुणी बोलेना.

आम्ही कोटीतीर्थात आणि पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलो. पाठीला डबा बांधून थोरल्या भावानं ढकलून दिलेलं. बुडी मारून कोण जास्त वेळ राहतंय ही पैज रोजची. मी त्यात पटाईत होतो. पहिलं अर्धं मिनिट काही नसतं. मग छातीत धक्के बसायला लागतात, शरीर म्हणतं वर चल. ते धक्के सोसले की एक वेळ अशी येते की सगळं शांत होतं, वरची पोरं ओरडत असतात ते लांबच्या गावात ओरडल्यासारखं वाटतं. तीच वेळ धोक्याची. आमच्यातला एक पोरगा त्या शांततेत राहिला होता, त्याला केसाला धरून वर काढला म्हणून वाचला. त्यानंतर वडिलांनी माझं घाटावर जाणं बंद केलं.

ओमला दुसरं काही येत नाही, श्वास धरता येतो, आणि मोठी माणसं त्याचा तमाशा करून लोकांना दाखवतात. हे मला सगळ्यात जास्त लागलं. वरचा सगळा गोंधळ, बाबूजींचं भविष्य, हिरे, परदेशी पाहुणे, हे त्याला खालून पाण्यातून ऐकू येतंय असं धरून मी उत्तरार्ध पाहिला. मला तो तुटक वाटला नाही. पाण्याखाली असंच ऐकू येतं.


पेठकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री उत्तरार्ध पुन्हा पाहिला, या वेळी हेडफोन लावून आणि मामांना शेजारी बसवून, एक कान त्यांना, एक मला.

कोटीतीर्थवाल्या दादांचं वाचल्यामुळे असेल, पाण्याजवळची सगळी दृश्यं मी वेगळी पाहिली. ओमच्या शेवटाशी या वेळी माझा घसा आवळला. पहिल्या वेळी मी त्या पोराकडे बघतच नव्हतो, गायत्री कुठे गेली ते शोधत होतो. तेवढी माझी चूक. पण हिऱ्यांच्या मागची धावाधाव मला दुसऱ्यांदाही लांबलेली वाटली. सरांनी बेडकांच्या व्यापाराचं सांगितल्यावर तिच्यातली भीती कळली, तरी पंधराएक मिनिटं अशी आहेत की तिथं कोट्यांवर कोट्या येतात आणि एकही माणूस दिसत नाही. तिथं मी अजून सांगावकरांच्या बाजूला आहे. फूलकुमारीबद्दल ताईंचं म्हणणं पुरतं पटलं. ते माझ्या नजरेतून सुटलं होतं, याची मला लाज वाटली.

मामांनी मध्येच एके ठिकाणी थांबवायला सांगितलं. मग दिवा लावला, माझ्या मुलाची चित्रकलेची वही मागितली आणि पडद्यावर पट्टी धरून चौकटी आखायला लागले. हात आता थरथरतो, रेघा सरळ येत नाहीत. तासभर बसले होते. मी चहा करून आणला तो गार झाला. ओमचं डोकं काढलं, खाली पाणी, मागं गर्दी. गर्दीतल्या एकाही माणसाला नाक-डोळे काढले नाहीत. मी म्हटलं, मामा, चेहरा दिसला म्हणायचा का? ते म्हणाले, “एवढ्या चौकटीत दिसला. अजून बाकीचं कापड कोरं आहे.”

वही तशीच ठेवलीय. फोटो काढून टाकू का विचारलं तर पुरं झाल्याशिवाय नको म्हणाले.

येत्या रविवारी संध्याकाळी सहाला पुन्हा लावतोय, त्याच हॉलमध्ये. श्रुतीताई, तुमच्याकडचे दोन स्पीकर मिळतील का? मिरजेहून आणायची सोय मी करतो. पंखे बंद ठेवू. या वेळी मध्ये चहा नाही, आधीच घेऊ.


श्रुती_मिरज

देते की. मीच घेऊन येते, तारा माझ्या मला जोडू द्या. पडद्याच्या दोन बाजूंना दोन टेबलं लागतील, कानाच्या उंचीची.


माहेर_शाहूपुरी

मी आत्याला घेऊन येणार आहे. वय ८१. जिना चढायला तिला वेळ लागतो, तेव्हा पावणेसहालाच पोचू. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवा.


सांगावकर

आत्याबाईंना जिन्यावरनं मी वर आणतो, खाली उभा राहतो साडेपाचपासून.

सिनेमा पण बघतो. शेवटपर्यंत बसेन असा शब्द देत न्हाई, पण ह्या वेळी उठलो तर का उठलो ते तिथंच सगळ्यांसमोर सांगून उठेन.